चाळीस कोयऱ्या

सुरुवातीलाच हात जोडते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने घालते, भाजीत मीठ घालतात तसं. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अशी की गुरुजींनी फळ्यापाशी बोलावलं की माझी दातखीळ बसायची. एकदा त्यांनी लागोपाठ तीन दिवस बोलावलं, मी तीन दिवस फळ्यापाशी उभी राहिले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी बाबांना चिठ्ठी पाठवली की मुलगी हुशार असली तरी आम्हाला कळायला काही मार्ग नाही. बाबांना ते पटलं. घरी गप्प बसायला फी पडत नाही. ही वही नातीच्या भूगोलाची आहे, पुढच्या सहा पानांवर नद्या आहेत, त्या सोडून द्याव्यात. वाचणारं कोणी नाही हे मला माहीत आहे, पण असलंच तर.

आम्ही झाशीला खंडेराव गेटाच्या आत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. बाबा कचेरीत कारकून होते आणि रविवारी सत्यनारायण सांगत. दोन्ही कामं ते सारख्याच आवाजात करत, त्यामुळे साधुवाण्याची गोष्ट ऐकताना आपला अर्ज नामंजूर झाला आहे असं वाटे. आई दिवसभर स्वयंपाकघरात असे. तिच्या आमटीतला गूळ आणि शेजारणीच्या बुंदेली कढीतले बरे, म्हणजे वडे, एकाच ताटात नांदत, तसंच आमचं बोलणं होतं. "जरा दरवाजा बंद कर ना, हवा लागते आहे" हे आमच्या घरी शुद्ध मराठी होतं. दक्षिणेतून आलेल्या खऱ्या मराठी माणसांना ते ऐकून हसू येई, आणि आम्हाला ते हसतात कशाला हे कळत नसे.

तिसरं माणूस आत्या. बाबांची थोरली बहीण, फार लवकर विधवा झालेली, तपकिरीची शौकीन. तिच्या उशाशी एक पितळी डबा असे, त्याला आम्ही सगळे मरणाचा डबा म्हणत होतो, तिच्या तोंडावरसुद्धा. आत्याने स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यात साठवले होते, साडेसातशे रुपये. लाकडं, तूप, भटजी, तेराव्याचं जेवण, सगळ्याचा हिशेब तिने करून ठेवला होता. जेवणात जिलबी हवी आणि वांग्याची भाजी अजिबात नको, कारण तिच्या सासरी तिला सारखी तीच खावी लागली होती. "मी मेल्यावर तरी त्या घरचं वांगं माझ्या नावाने शिजायला नको," असं ती म्हणायची. दर महिन्याला डबा उघडून ती पैसे मोजायची आणि मग समाधानाने एक चिमूट तपकीर ओढायची. मरणाची इतकी आनंदात वाट पाहणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

गोष्ट सुरू होते ती चकलीमुळे. दिवाळीच्या तोंडावर आईच्या पितळी सोऱ्याची चांदणीची चकती तडकली. बाजारातला ठठेरा, म्हणजे तांबट, म्हणाला, मी ठोकाठोकी करतो, ओतकाम माझ्याने होणार नाही, लक्ष्मी तालाच्या, त्या तळ्याच्या, पलीकडे भरेवा लोकांची वस्ती आहे, तिथल्या बब्बांकडे जा. भरेवा म्हणजे गोंडांमधले पितळ ओतणारे. आजोबा-पणजोबांच्या वेळी बैतूलकडून आलेली त्यांची चार घरं तिथे होती. आई देवळात ओटी भरायला गेली आणि मला सोरा घेऊन वस्तीवर पाठवलं. मी गेले कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

बब्बा दारात बसून चिलीम साफ करत होते. मी सोरा पुढे केला. त्यांनी तो फिरवून पाहिला, दट्ट्या वरखाली केला, आतली चकती काढून डोळ्याला लावली आणि तिच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं.

"काय बिन्नू, जो तो हमाई पिचकी आय! तुमने काँ से चुराई?"

बिन्नू म्हणजे तिकडे पोरगी. मी काही चोरली नव्हती, पण तेवढं सांगायलाही तोंड उघडेना. आतून त्यांची सून सुखिया आली आणि तिने लाकडाची तसलीच एक जुनी नळी आणून दाखवली. तिची फटीतून दोन शकलं झाली होती. तिच्यातून ते मेण दाबत. मेणात राळ आणि तेल घालून मऊ करायचं, पिचकीतून दाबलं की शेवेसारखी तार बाहेर येते. मातीचा गाभा करायचा, त्यावर ती तार गुंडाळून वस्तू घडवायची, वरून वारुळाच्या मातीचे लेप द्यायचे, वाळवायचं, गोवऱ्यांच्या भट्टीत घालायचं. मेण वितळून निघून जातं, त्याच्या जागी पितळ ओततात. गार झाल्यावर माती फोडली की वस्तू. साचा फुटला तो फुटला, पुन्हा तशी वस्तू होत नाही. आमच्या घरी चकल्या करतात तशी ही माणसं देव करत होती. मला ते इतकं आवडलं की मी खाली बसले, आणि बसले ती आई शोधत येईपर्यंत बसले.

करत होती म्हणते, पण तेव्हा ती काहीच करत नव्हती. बब्बांचा धंदा बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा. मोठ गावच्या बाजारात बैल कमी होऊन ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरच्या गळ्यात घंटा कोण बांधणार. लग्नात मोराची दिवली द्यायची रीत होती, तिथे स्टीलचे डबे आले. बब्बांचा मुलगा हरी गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, क्रशरवर जात होता. संध्याकाळी तो परत आला की भुवयांपर्यंत पांढरा असायचा, आणि खोकायला लागला की सुखिया हातातलं काम थांबवून तो संपेपर्यंत तशीच बसून राहायची. त्याच्याआधी तिच्या दोन दिरांना त्या धुळीने खाल्लं होतं. हे तिने मला सांगितलं नाही, मी कोणाला विचारत नाही हे बघून शेजारणीने आपणहून सांगितलं.

बब्बांनी चकती ओतून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले की सोरा आठ दिवस इथे राहू दे. आठ दिवसांनी तो आला तो राळेचा वास घेऊन. त्या दिवाळीच्या चकल्यांना असा धुपाचा वास येत होता की बाबा म्हणाले, खाताना पाया पडावंसं वाटतं. आत्याने एक खाल्ली आणि म्हणाली, "माझ्या तेराव्याला ही नको." सोरा तेव्हापासून वस्तीवरच गेला आणि त्याच्या मागोमाग मी. आई म्हणायची, निदान कुठेतरी जाते.

आता बाबांची करामत. शहराबाहेर कारखान्याची कॉलनी होती, तिथे पुण्या-नागपूरकडून आलेली साहेब मंडळी राहत. त्यांच्या बायकांचं एक मंडळ होतं. बाबा तिथे सत्यनारायण सांगत आणि मी लहानपणापासून प्रसादाचं पातेलं धरून सोबत जात असे. मंडळाच्या सेक्रेटरीबाई म्हणजे मोठं प्रस्थ. त्या बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. "अहो, तो पाट उचला! ती चप्पल कोणाची? समई विझली, समई!" हे त्यांचं स्तोत्र. मला पाहिलं की म्हणायच्या, "काय गं झाशीवाली, बोल ना काहीतरी, तुमचं मराठी ऐकायला गंमत वाटते." मग तर मी आणखीच गप्प.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गेल्या वर्षी त्यांनी चहाची गाळणी लुटली होती आणि आदल्या वर्षी साबणदाणी. या वर्षी त्यांना काहीतरी पारंपरिक हवं होतं. बाबांनी पोथी बंद करता करता सांगून टाकलं, "पितळेच्या कोयऱ्या करा. आमच्या मुलीची कारागिरांशी ओळख आहे." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोयरी म्हणजे आंब्याच्या आकाराची डबी, आत दोन खण, एक हळदीचा, एक कुंकवाचा, वर फिरतं झाकण. सेक्रेटरीबाई खूश झाल्या. मंडळाच्या चाळीस बायका, चाळीस कोयऱ्या, सगळ्या अगदी सारख्या, विसारादाखल शंभर रुपये. बाकीचे माल मिळाल्यावर.

शंभर रुपयांत मेणसुद्धा येत नव्हतं. हरी म्हणाला, काम मिळालं तर मी क्रशर सोडतो, दोघं मिळून भट्टी लावू. सुखियाने माझ्याकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही, ती मागणारी नव्हती, पण मी घरी आले आणि आत्याच्या अंथरुणापाशी उभी राहिले.

"काय हवंय?" आत्या म्हणाली. "काय गिळून आलीस?"

"डबा."

"कुठला डबा?"

मी बोट दाखवलं. आत्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर छताकडे, तिथे कोणी साक्षीदार असल्यासारखं.

"आणि मी मध्येच मेले तर?"

"तू मरू नकोस," मी म्हणाले.

"म्हणजे आता तुला विचारून मरायचं?" तिने तपकीर ओढली, दोनदा शिंकली, आणि डबा माझ्याकडे सरकवला. "जा. पण सांगून ठेवते, सगळे परत येईपर्यंत मी हलणार नाही. व्याज नको. आणि कोणासाठी काय करताय ते मला सांगू नकोस. मला कोण बोलावणार आहे हळदी-कुंकवाला."

हे ती सहज म्हणाली. मला तेव्हा फक्त डबा दिसत होता. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य माझ्या कानात जास्त येतं. विधवेच्या मरणाच्या पैशांवर चाळीस सवाष्णींचं वाण घडणार होतं, आणि त्यातला विनोद फक्त आत्यालाच कळला होता.

जुने नळ, फुटके तांबे, मोडक्या समया असं मोडीचं पितळ आम्ही वजनावर घेतलं. मी रोज जाऊन सोऱ्याचा दट्ट्या दाबत बसायचे. दुपारी सुखिया महुव्याचा, म्हणजे मोहाच्या फुलांचा, लाटा द्यायची, कुटलेला, गोड, थोडा धुरकट. बोरांचं पीठ, ज्याला तिथे बिरचुन म्हणतात, ते पाण्यात कालवून प्यायचो. आणि मग बब्बांनी पहिला गाभा हातात घेतला आणि विचारलं,

"कौन के लाने?"

मी म्हणाले, मंडळासाठी. त्यांनी मान हलवली. मंडळ म्हणजे कोण? त्यांना माणूस हवं होतं. घंटा करायची तर कुठल्या बैलाची, दिवली करायची तर कुठल्या मुलीची, हे ठाऊक असल्याशिवाय ते हात लावत नसत. "बिना काऊ के लाने चीज नईं बनत," ते म्हणाले आणि गाभा खाली ठेवून चिलीम पेटवली. म्हणजे चाळीस बायका मला एकेक करून सांगाव्या लागणार होत्या.

आता यातली खरी गोष्ट अशी की मी दहा वर्षं त्या कॉलनीत पातेलं धरून उभी होते. न बोलणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही, आणि तिच्यासमोर माणसं सगळं करतात. कोण प्रसादाचे लाडू पर्समध्ये टाकतं, कोण आरतीत डोळे मिटून घोरतं, कोण दुसरीच्या साडीची किंमत तिच्या पाठीमागे काढतं, मला सगळं पाठ होतं. दट्ट्या दाबताना वर बघावं लागत नव्हतं. मी सांगायला लागले आणि मला थांबवता येईना. एक बाई उंच, सगळ्यांच्या डोक्यांवरून ताटात काय उरलंय ते बघते. एकीला काहीही विचारा, ती हो म्हणते. एक गोड बोलून जाते आणि आग मागाहून होते. सेक्रेटरीबाईंचं तर मी बसून, उठून, हात उडवून सांगितलं. सुखिया पोट धरून हसली. बब्बा हसत नव्हते, दर खेपेला फक्त "हओ" म्हणत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला गोष्टी आवडतात.

कोयऱ्यांच्या डब्या माझ्यासमोर झाल्या. झाकणं बब्बा आणि सुखिया मी गेल्यावर करत, आणि मी सकाळी येई तेव्हा ती मातीत लिंपलेली असत. मातीचा गोळा आतून काय आहे ते सांगत नाही.

हळदी-कुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची भट्टी गार झाली. हरीने गोळे फोडले, सुखियाने आतली झाकणं चिंच आणि वाळूने घासायला घेतली. पहिलं झाकण तिने माझ्या हातात दिलं आणि आधीच हसत सुटली, "जा तो लडुआ वारी आय!"

झाकणावर एक उंदीर होता. एवढासा, अंगठ्याएवढा, मेणाच्या तारेच्या बारीक शेपटीसकट, आणि त्याच्या पुढच्या दोन पायांत लाडू होता. तो इतका हुबेहूब होता की त्याची पर्स कुठे आहे ते मी शोधलं. मग उंच मानेचा बगळा. मग नंदीबैल. मग घोरणारी म्हैस, पापण्या मिटलेली. विंचू. मुंगूस. पाल. आणि टिटवी, चोच उघडून, एका पायावर, जशी काही कोणाची तरी चप्पल तिच्या नजरेत भरली आहे. चाळीस झाकणं, चाळीस जीव. मला आधी हसू आलं, खूप हसू आलं, आणि ते संपता संपता रडू.

"बब्बा, हे काय केलंत!"

ते खरंच गोंधळले. "तैंनेई तो कई हती."

मीच सांगितलं होतं. त्यांच्या लेखी म्हैस म्हणजे शिवी नव्हती. दुसरे जीव असतात तसा माणूस, ज्याचा जो असेल तो. हरी म्हणाला, घासून काढू. बब्बांनी एक झाकण उलटं करून दाखवलं, आतून पोकळ होतं, उंदीर काढला तर तिथे भोक राहणार. पितळ संपलं होतं, मेण संपलं होतं, आणि आत्याचा डबा रिकामा होता. हरीचा ठेकेदार सांगून गेला होता की संक्रांतीनंतर आठ दिवसांत आला नाहीस तर जागा मिळणार नाही. मी एवढंच ठरवलं की कुठली कोणाची हे सांगायचं नाही. सगळ्या एका परातीत मिसळून द्यायच्या. बब्बा रागावले, ज्याची त्याला दे म्हणाले. मी हो म्हणाले आणि खोटं बोलले.

कॉलनीच्या हॉलमध्ये अत्तर, तिळगूळ, काळ्या साड्या. बाबा दारात चपला सांभाळल्यासारखे उभे होते. मी परात ठेवली आणि भिंतीला टेकले. बायकांनी हळदी-कुंकू लावलं आणि सेक्रेटरीबाई एकेक कोयरी हातात देऊ लागल्या, न बघता, कारण त्यांचं लक्ष समईकडे होतं. मला वाटलं, निभलं. तेवढ्यात उंच बाईंनी आपल्या हातातली बघितली, शेजारणीला दाखवली आणि म्हणाल्या, "अगं, हा उंदीर बघितलास? लाडू घेऊन? ही तर आपली..." आणि त्या थांबल्या, कारण लाडूवाल्या बाई समोरच होत्या, पर्ससकट.

मग हॉलमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यांनी सगळ्यांच्या बघितल्या. प्रत्येकीला बाकीच्या एकोणचाळीस ओळखू आल्या. स्वतःची कोणालाच नाही. म्हशीला बगळा कळला, बगळ्याला पाल कळली, नंदीबैल सगळ्यांना हो हो म्हणत होता. कोणी पदर तोंडाला लावून हसतंय, कोणी लाल होतंय. आणि मग हळूहळू आवाज खाली आला, कारण सेक्रेटरीबाई मध्यभागी उभ्या होत्या आणि विचारत होत्या,

"आणि यात मी कुठली?"

टिटवी ज्या बाईंच्या हातात होती त्यांनी ती पाठीमागे लपवली. त्या धांदलीत ती खाली पडली, ठण्ण वाजली आणि गडगडत सेक्रेटरीबाईंच्याच पायाशी गेली. त्यांनी ती उचलली.

"टिटवी," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "अपशकुनी असते."

"हे त्या जंगली लोकांना कोणी सांगितलं?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, सगळे माझ्याकडेच बघत होते. "मी सारख्या सांगितल्या होत्या. असल्या वस्तूचा एक पैसा मिळणार नाही. घेऊन जा."

मला शाळेतला फळा दिसला. पण त्या फळ्यापाशी उभं राहून मला दुसरंही काही दिसलं, हरी खोकताना काम थांबवून बसलेली सुखिया. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मी सांगितलं. बब्बांची काही चूक नाही. पैसे त्यांना द्या, बोलायचं ते मला बोला." आणि मग, बोलायला लागलेच होते म्हणून, "टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ना झाड, ना घरटं. म्हणून कोणी पाऊल टाकलं की ओरडते. ती ओरडते म्हणूनच पिल्लं वाचतात. बब्बा म्हणाले, या बाई नसत्या तर मंडळ कधीच पायाखाली गेलं असतं."

बब्बा असलं काहीही म्हणाले नव्हते. बब्बा म्हणाले होते, "जा खूब चिल्लात है." पण सेक्रेटरीबाईंनी टिटवी डोळ्यांजवळ नेली आणि चक्क खुर्चीवर बसल्या, जे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग एकदम सगळ्या मागे लागल्या, माझी का अशी, माझी का अशी. बाबांच्या दहा वर्षांच्या पोथ्या माझ्या कामी आल्या. बगळा म्हणजे एकाग्रता. मुंगूस म्हणजे लक्ष्मीचा राखणदार. पाल बोलली की शब्द खरा होतो. लाडूवाल्या बाई स्वतःच म्हणाल्या, "मी तर बाई गणपतीची," आणि कोयरी पर्समध्ये टाकली. विंचवाला मात्र मला काही सुचेना. विंचूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. सासूबाईंना दाखवीन म्हणते. घाबरून राहतील."

तरीही पैसे पूर्ण मिळाले नाहीत. सेक्रेटरीबाईंना टिटवी पटली होती, पण सारख्या म्हणजे सारख्या. नऊ जणींनी कोयऱ्या परत केल्या आणि उरलेल्यांचे अर्धेच पैसे हातावर पडले. ते मी बब्बांना दिले, घरात तेल-पीठ आलं, आणि हरी क्रशरवर परत गेला. तो गेला त्या सकाळी मी वस्तीवर होते. त्याने मला राम राम केला, नेहमीसारखाच. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. घरी आत्याने विचारलं, "मरू का?" मी नाही म्हणून मान हलवली. "बरं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

वीसेक दिवसांनी वस्तीसमोर एक स्कूटर थांबली. बगळाबाई. इकडेतिकडे बघत त्यांनी मला बाजूला घेतलं. "मला एक करून हवी आहे. नणंदेसाठी. पण तिला कळता कामा नये." मी बब्बांकडे पाहिलं. बब्बा म्हणाले, कशी आहे सांगा. बगळाबाई पाऊण तास सांगत होत्या. त्यांच्यानंतर म्हैसबाई आल्या, जाऊबाईंसाठी. मग नागपूरहून कोणाच्या तरी बहिणीची मागणी आली, एकदम सहा, सगळं सासर. परत आलेल्या नऊ कोयऱ्या ज्यांच्या होत्या त्यांनीच चुपचाप येऊन नेल्या, पूर्ण पैसे देऊन. माणसाला आपल्या नातेवाइकाला झाकणावर बसवायची किती हौस असते ते मला तेव्हा कळलं. होळीच्या आधी हरीने क्रशर सोडलं. खोकला गेला नाही, पण वाढायचा थांबला. शेजारच्या दोन घरांनीही बंद पडलेल्या भट्ट्या उकरल्या. आज सुखियाची नात मोबाइलवर फोटो पाठवून वस्तू विकते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून पाठवते: कोणासाठी? लोकांना वाटतं, किती आपुलकीने विचारतात.

आत्याचे पैसे थोडे थोडे परत येत होते, कधी पन्नास, कधी वीस. ती ते डब्यात टाकायची आणि किती उरले ते दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगायची, यमाला ऐकू जावं म्हणून. पुढच्या संक्रांतीच्या आसपास एका दुपारी बब्बा स्वतः आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले, आत येईनात. आमच्या घरात बाहेरच्याला आत घेत नसत आणि त्यांना ते न सांगता माहीत होतं. आत्या, जी कधी उंबऱ्याबाहेर यायची नाही, ती उठली, बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी त्याच पायरीवर बसली. आई आतून बघत राहिली.

बब्बांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे ठेवलं. कोयरी होती. झाकणावर कासव, मान आखडून घेतलेलं, पाठीवर तारेची नक्षी.

"ही मला कशाला?" आत्या म्हणाली. "मी कुंकू लावत नाही, सांग गं याला." मी सांगितलं. बब्बा म्हणाले, ते त्यांना माहीत नाही, ज्याचे पैसे त्याचीही एक वस्तू, आणि मीच त्यांना सांगितलं होतं ना, की बाई मरायचं ठरवून बसली आहे आणि मरत नाही.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना उतरून पळायचं ठरवत होते. मग तिने झाकण फिरवलं. हळदीच्या खणात घडी केलेल्या चार नोटा होत्या, कुंकवाच्या खणात तीन. तिने बोटाला थुंकी लावून त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, मला डबा आणायला लावून त्यातलेही सगळे मोजले, मांडीवर ढीग करून, पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग तिने कमरेची तपकिरीची पुडी काढली, हळदीच्या रिकाम्या खणात ओतली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, एक चिमूट बब्बांना दिली, एक स्वतः घेतली. दोघंही शिंकले.

"साडेसातशे," ती म्हणाली. "फिटले सगळे."